‘हाव’ म्हणजे होय नव्हे

नांदेड, ४ ऑगस्ट

तनुजा,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न उघडताच केरात टाकलं असतंस, म्हणून पत्ता दुकानात टाइप करून चिकटवलाय. कोर्टासमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवण्याचा एवढा तरी फायदा. तू मला ब्लॉक केल्याला तीन वर्षं झाली. तुझा नंबर मीही रागाच्या भरात पुसून टाकला होता. तेव्हा आता पोस्टाशिवाय वाट नाही.

ती क्लिप तू पाहिली असशीलच, तुझ्याच लोकांनी फिरवलीय. पण माझ्या बाजूला बसून ती कशी दिसते हे तुला ठाऊक नसणार, म्हणून सांगते.

दयानंद सरांनी त्यांच्या लातूरच्या कॉलेजात तो परिसंवाद ठेवला. ‘राजकीय ब्लॉग : पक्षभेदापलीकडचा संवाद’. संवादबिंवाद काही नव्हतं त्यामागं. विष्णुपुरीच्या होस्टेलात एका खोलीत राहिलेल्या आपल्या दोन विद्यार्थिनी आता दोन पक्षांच्या ब्लॉगवरून एकमेकींच्या झिंज्या उपटतात, त्यांना एका टेबलाला बसवावं, एवढाच म्हाताऱ्याचा डाव. आपण बसलो. एकमेकींकडं न बघता एकाच तांब्यातलं पाणी प्यालो. मग तू नायगावचं प्रकरण काढलंस. उन्हाळ्यात अफवा उठली होती की विष्णुपुरी धरणाचं पाणी गुपचूप लातूरला वळवलंय. नायगावच्या पाण्याच्या टाकीवर जमाव चालून गेला, दगड पडले, आणि टाकीचा राखणदार ग्यानोबा याचा एक डोळा गेला.

तू माइक ओढून म्हणालीस, “ही अफवा धम्मप्रियाबाईंच्या ब्लॉगवरून सुटली.” मी म्हणाले, हाव. “दगड मारणारे ह्यांचेच वाचक होते.” हाव. “ग्यानोबाचा डोळा ह्यांच्या लेखणीनं गेला.” हाव.

क्लिप इथं संपते. खाली लाल अक्षरांत ‘भर सभेत कबुली’.

त्यानंतर तू काय म्हणालीस ते मला पाठ आहे. “असं आमच्याकडचे लोक म्हणतात. मला स्वतःला मात्र पुरावा सापडलेला नाही.” ते कापलं. मग मी तावातावानं जे उत्तर दिलं तेही कापलं. राहिले माझे तीन हाव.

माझं हाव तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे गं? आमच्या नांदेडकडं कुणी बोलत असताना गप्प बसणं म्हणजे त्याचा अपमान. हाव, हाव करत राहायचं, म्हणजे बोल, मी ऐकून राहिले. तू निलंग्याची, तुमच्यात व्हय. पहिल्या वर्षी तू चिडायचीस, “सगळ्याला हाव म्हणतीस, मग लगेच भांडतीस कशाला?” तेव्हा मी तुला सांगितलं होतं की हाव म्हणजे होय नव्हे. त्या परिसंवादात तर प्राचार्यांनी “गाड्या नीट लावा” म्हटलं तेव्हाही मी हाव म्हणाले असेन, आणि माझ्याकडं साधी सायकल नाही.

एकच मागणं आहे. तुझं कापलेलं वाक्य तू तुझ्या ब्लॉगवर पुन्हा एकदा म्हण. माझी बाजू घेऊ नकोस, ती तुला जमायचीही नाही. फक्त ते वाक्य.

मला भीती वाटतेय. तुझ्यापुढं हे कबूल करायला लागावं यासारखी दुसरी शिक्षा नाही, पण वाटतेय.

धम्मप्रिया

नांदेड, ९ ऑगस्ट

तनुजा,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र पोचलं नसेल असं समजून पुन्हा लिहिते.

पोलीस ठाण्यात बोलावलं होतं. साहेब सांगलीकडचे, बोलायला सभ्य. लॅपटॉपवर क्लिप लावली आणि विचारलं, “ह्या तुम्हीच ना?” मी म्हणाले, “हाव.” ते म्हणाले, “मग झालं की.”

तनुजा, तिथंसुद्धा! हे एवढं बरोबर बाहेर पडलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, हाव म्हणजे काय, आमच्याकडं ऐकण्याची रीत काय. त्यांनी मान हलवत ऐकलं. शेवटी म्हणाले, “मॅडम, मी समजू शकतो. पण हे भाषेचं झालं. ज्यांनी आरोप केला त्या बाईच म्हणाल्या की मला पुरावा नाही, तर गोष्ट वेगळी. पूर्ण रेकॉर्डिंग आणा.” आणि माझा फोन तपासणीसाठी ठेवून घेतला.

पूर्ण रेकॉर्डिंग कॉलेजच्या चॅनेलवर होतं. ते आता नाही. दुकानातल्या फोनवरून सरांना विचारलं. म्हणाले, “संस्थाचालकांनी काढायला लावलं बेटा. कॉपीसुद्धा ठेवली नाही. मला रिटायर व्हायला दीड वर्ष आहे.” त्यांच्यावर चिडावं एवढाही जोर माझ्यात उरला नव्हता. तुझे यजमान बजरंगराव पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून बसले होते हे मात्र मी पाहिलंय. तुझं भाषण ते पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतात, हे तुझ्या पानावर दिसतं. त्यांच्याकडं असणार.

आईला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण गल्लीनंच सांगितलं. आमच्या मातोश्री धुरपताबाईंचा स्वभाव तुला ठाऊक आहे. आधी क्लिप फिरवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग माझ्याकडं वळली. “तोंडाला कुलूप लाव म्हणलं होतं का न्हाई? आता हाव बी म्हणू नको. नुसती मुंडी हालव. मुंडीची कुठं क्लिप निघत न्हाई.” मी हसले. ती हसली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि खिडकी लावून घेतली. ऑगस्टातल्या उकाड्यात आमच्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद आहेत.

दुकानातल्या फोनवर जे फोन येतात त्यांचं काही लिहीत नाही. एवढंच सांगते की पहिला प्रश्न आडनावाचा असतो. ते सांगितलं की पुढचं त्यांना सोपं जातं.

तुझ्याकडं ते रेकॉर्डिंग आहे. तू गप्प का आहेस?

धम्मप्रिया

नांदेड, १४ ऑगस्ट

तनू,

आज रागावण्याइतका धीर नाही म्हणून तनू म्हणते.

सकाळी दुकानात एक माणूस आला. तिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, कपाळ स्वच्छ, बोलणं मऊ. कागद पुढं केला आणि म्हणाला, “ताई, ह्याच्या शंभर काढा.” मी सवयीनं कागद काचेवर ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. पहिली प्रत बाहेर आली तेव्हा पाहिलं, त्यावर माझा फोटो होता. परिसंवादातला, तोंड उघडं असलेला. खाली आमच्या गल्लीचं नाव आणि ‘डोळ्याला डोळा’.

मशीन चालूच होतं. बंद करायचं मला सुचलं नाही. तो काउंटरवर कोपर टेकून उभा आणि मी उभी. माझाच चेहरा एकावर एक पडत होता. संपल्यावर मी गठ्ठा सारखा केला, रबर लावलं आणि त्याच्या हातात दिला. गिऱ्हाइकाला देतात तसा. तो म्हणाला, “काम छान करता तुम्ही ताई,” आणि गेला.

मी शटर ओढलं आणि टेबलाखाली बसले. तनू, तुझ्यासारखी मीही लोकांना निर्भय व्हा म्हणून उपदेश करत आले. आपल्या ब्लॉगांवर तो शब्द इतक्यांदा आलाय की गुळगुळीत झाला असेल. टेबलाखाली बसल्यावर मला त्याचा अर्थच आठवेना. 

तिथं बसून एक गोष्ट मनात आली, ती आता लिहूनच टाकते. नायगावच्या आदल्या दिवशी मी ब्लॉगवर लिहिलं होतं, ‘आपलं पाणी कुठं चाललंय ते विचारा.’ विचारा लिहिलं होतं. लातूरला वळवलं असं लिहिलं नव्हतं, टाकीवर जा असं तर मुळीच नाही. तू ते वाचलं असणार, तू माझं सगळं वाचतेस. तरी सभेत म्हणालीस की पुरावा सापडला नाही. तुला तो पुरावा वाटला नाही म्हणून, की माझ्यावर दया आली म्हणून? दया असेल तर सांगू नकोस.

उद्या झेंडावंदनाला आईला बाहेर जायचंय, दरवर्षी जाते. मी नको म्हणाले. ती म्हणाली, “म्या कामून लपू? म्या कुठं ब्लॉग लिव्हला?” पण गेली नाही तर बरं, असं तिच्याही डोळ्यांत होतं.

बजरंगराव तुझ्या पक्षाचे शहर सरचिटणीस आहेत हे मी विसरलेले नाही. तू ते वाक्य पुन्हा म्हणालीस तर तुझ्या घरात काय होईल हे मला कळतं. कळूनही मागतेय. जीव घाबरला की माणूस असा निलाजरा होतो.

तुझी,
धम्मप्रिया

नांदेड, २१ ऑगस्ट

तनू,

पाहिलं. शेजारच्या मेडिकलवाल्याच्या फोनवर, मग आईला दाखवायला पुन्हा, मग साहेबांच्या टेबलावर तिसऱ्यांदा.

तू नेहमीसारखी तिरकी बसलीस, केस घट्ट बांधलेले. आधी अख्खं रेकॉर्डिंग लावलंस. मग म्हणालीस, “ह्या बाईंच्या राजकारणाशी माझं हाडवैर आहे आणि राहील. पण नायगावच्या बाबतीत माझ्याकडं पुरावा नाही, हे मी तेव्हाही बोलले होते. ते कुणी कापलं त्यानं पुढं यावं. आणि त्या हाव म्हणाल्या म्हणजे कबूल केलं नाही, ऐकत होत्या. आमच्या पुढाऱ्यांनाही तेवढं जमत नाही.”

आई म्हणाली, “पोरगी वाघीण हाय. पर शेवटचं कामून बोलली?”

तनू, शेवटचं का बोललीस? मी वाक्य मागितलं होतं, तू त्याला शेपूट जोडलंस. त्या शेपटानंच मला रडू आलं हे खरं, पण तुझ्या लोकांना ते झोंबणार हे तुला कळत नव्हतं असं नाही. तुझी जीभ होस्टेलातही अशीच होती. मेसच्या ठेकेदारापुढं आम्ही सगळ्या गप्प आणि तू एकटी त्याच्या पाणचट वरणात आकाशाचं प्रतिबिंब दाखवायचीस.

माझं म्हणशील तर सुटल्यासारखं झालंय. साहेबांनी फोन परत दिला. गल्लीतले लोक पुन्हा ‘काय ताई’ म्हणायला लागले. भिंतींवर चिकटवलेले ते माझे कागद कुणीतरी अर्धे फाडले, हनुवटी आणि आमच्या गल्लीचं नाव तेवढं राहिलंय.

पण काल आमच्या पक्षाचा रविकांत आला. प्रसिद्धीचं सगळं तोच बघतो. पेढे घेऊन आला होता. म्हणाला, “ताई, त्या तनुजाबाईंचा आपण नांदेडात जाहीर सत्कार करून राहिलो. शाल, श्रीफळ, मोठा बॅनर. सत्य बोलणारी रणरागिणी. तुम्ही फक्त त्यांना स्टेजवर आणा.”

मी म्हणाले, “तिचा सत्कार तुम्ही केलात तर तिचं तिथं काय होईल?”

“ते त्यांचं त्यांना बघू द्या की. आपल्याला आयतं मिळून राहिलं.”

मी त्याला पेढ्यांसकट बाहेर काढलं. जाताना म्हणाला, “ताई, पक्षानं तुमच्यासाठी एवढं केलं.” काय केलं ते मी विचारलं, तर त्याला आठवेना. पण तो बॅनरची कल्पना सोडणारा माणूस नाही. म्हणून घाईनं कळवते, कुणाचंही बोलावणं आलं तर येऊ नकोस.

आता माझ्यासाठी वाटत होती ती भीती तशीच्या तशी तुझ्याकडं वळलीय. जराही कमी झाली नाही.

तुझी धम्मप्रिया

लातूर बसस्थानक, २७ ऑगस्ट

तनू,

हे बाकड्यावर बसून लिहितेय, अक्षर लागलं तर लाव.

सरांकडून कळलं म्हणून सकाळच्या गाडीनं आले. लातुरात तू मुलींचं जे होस्टेल चालवतेस, तिथल्या मुलींच्या घरी फोन जाऊन राहिलेत म्हणे, ‘तिथं वातावरण चांगलं नाही, पोरी काढून न्या.’ मला खोटं वाटलं. लातुरात डॉक्टर व्हायला पोर पाठवली की आईबाप भूकंप झाला तरी हलवत नाहीत असं तूच लिहिलं होतंस.

मी तुझ्या समोरच्या उसाच्या रसाच्या दुकानात बसले. तोंडाला ओढणी होती. तुझ्या फाटकासमोर दोन मोटारसायकली आडव्या लावलेल्या, त्यांवर चार जण. काही करत नव्हते. एक दात कोरत होता. एक वडील मुलीची पेटी घेऊन बाहेर आले, तर त्यांच्यातल्या एकानं उठून पेटी रिक्षात चढवायला मदत केली. अदबीनं.  मला माझ्या फोटोच्या शंभर प्रती नेणारा तो माणूस आठवला. ह्या लोकांना असलं मऊ वागायला कुठं शिकवतात?

मग तू बाहेर आलीस. त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवलास, वडिलांना काहीतरी सांगितलंस. त्यांनी तुझ्याकडं बघितलं नाही. रिक्षा गेल्यावर तू त्या चौघांकडं पाहत उभी राहिलीस. कंबरेवर हात ठेवून, नेहमीसारखी. पण तुझा डावा पाय टाच उचलून हलत होता. तुझी परीक्षेच्या सकाळी असायची तशी गत होती.

मी उठले. रस्ता ओलांडायला हवा होता. दुभाजकापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. स्वतःला सांगितलं की मला तुझ्यासोबत पाहिलं तर त्यांना हवं तेच मिळेल, तुमचं साटंलोटं आहे हा पुरावाच होईल. ते खरंच आहे. पण परत फिरताना माझ्या डोक्यात ते नव्हतं, डोक्यात नुसतं पळ होतं.

रसवाला म्हणाला, “बाई, रस तसाच ठिवला की.” मी त्याला विचारलं, हे कोण. तो म्हणाला, “घरचीच भांडणं हायेत त्यांची. आपलेच दात अन् आपलेच ओठ. ती बाई दुसऱ्या पार्टीला मिळाली म्हनं.”

गाडी लागलीय. हे पत्र इथल्याच पेटीत टाकते, लवकर पोचेल. मी काय करू ते सांग. तू सांगशील ते करते.

धम्मप्रिया

नांदेड, ३१ ऑगस्ट

तनू,

सर तुझी चिठ्ठी स्वतः घेऊन आले, बसनं, या वयात. रेकॉर्डिंग काढल्याचं प्रायश्चित्त घेतल्यासारखे दारात उभे राहिले. आईनं त्यांना बसवलं आणि दोनदा चहा पाजला, पण बोलली नाही.

तीन वर्षांचं मौन मोडून तू चार ओळी पाठवल्यास. माझ्या प्रश्नांची उत्तरं हवी होती मला, आणि तू काम सांगितलंस.

‘आमच्याकडं ठरलंय की आपण दोघी आतून एक आहोत. तो व्हिडिओ तू पैसे देऊन करवलास असं बोलतात. आता तू माझ्यावर लिही. जहाल. पूर्वी लिहायचीस त्यापेक्षा जहाल. तू शिव्या दिल्यास की मी पुन्हा त्यांची होते. बजरंगनी वर बोलून ठेवलंय. सोळा मुली राहिल्यात, त्यांची परीक्षा व्हायचीय.’

मी ती चिठ्ठी वाचली आणि तुझ्या डोक्याला मनातल्या मनात दंडवत घातला. अख्ख्या मराठवाड्यात हा उपाय दुसऱ्या कुणाला सुचला नसता. मित्रानं केलेली स्तुती जीव घेईल आणि वैऱ्यानं घातलेली शिवी वाचवील, असे आपले पक्ष.

रविकांतला सांगितलं की तुमच्या रणरागिणीवर मी लिहिणार आहे. तो उडालाच. “ताई, मग बॅनरचं काय?” मी म्हटलं, फाड. माझ्याही लोकांना मी कृतघ्न वाटणार आहे. वाटू दे.

दुपारभर बसून लिहिलंय. सोबत प्रिंट जोडतेय, वाचून बघ. तुझा व्हिडिओ हा सत्यासाठी नव्हता, पक्षात भाव वाढवून घेण्यासाठी होता, असा त्याचा रोख ठेवलाय. म्हणजे तुझ्या लोकांना वाटेल की मी तुझे उपकार मानत नाही, आणि तू माझी नाहीस. ‘लातूरच्या ह्या बाईंना न्याय नको असतो, टाळ्या हव्या असतात’ हे वाक्य वर घेतलंय. पोरींच्या फीवर जगणारी वगैरेही आहे. होस्टेलाचं नाव कुठं येऊ दिलं नाही.

सुरुवातीला हात चालेना. पहिला परिच्छेद रेटून रेटून लिहिला, शाळेत शिक्षा म्हणून शुद्धलेखन लिहितात तसा. मग कसं कोण जाणे, हात सुटला. तनू, त्यातली काही वाक्यं मला शोधावी लागली नाहीत. ती आधीपासून तयार होती. कोणती ते विचारू नकोस. वाचताना तुला कळतील अशी मला धास्ती आहे, आणि म्हणूनच प्रिंट पाठवू की न पाठवू असं झालं होतं. आई शेजारी शेंगा फोडत होती. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “खोटं हाय म्हणतीस, मग अंगावर काटा कामून आला मला?”

कमी पडलं तर सरांजवळ सांग. जास्त झालं असेल तर सांगू नकोस, कारण कमी केलं तर ते ओळखतील.

परवा सकाळी टाकते. त्यानंतर मला पत्र लिहू नकोस, मीही लिहिणार नाही. वाचशील तेव्हा एकटी वाचू नकोस. बजरंगरावांना शेजारी बसव.

तुझी,
धम्मप्रिया

नांदेड, ६ सप्टेंबर

तनू,

लिहिणार नाही म्हणाले होते. हे एक लिहू दे.

उपाय लागू पडला. सर म्हणाले, मोटारसायकली त्याच संध्याकाळी गेल्या. दोन मुली परत आल्या. तुझ्या शहराध्यक्षांनी स्वतः येऊन तुझ्या होस्टेलात पोहे खाल्ले आणि त्याचा फोटो टाकला, ‘आमची वाघीण’ म्हणून. फोटोत तू हसतेयस. माझ्या दुकानावर पुन्हा कुणी आलेलं नाही. आमच्या खिडक्या आईनं काल उघडल्या. म्हणजे दोघी वाचलो.

फक्त एक गोष्ट. माझ्या लेखाला तू तुझ्या ब्लॉगवर उत्तर देणार आहेस हे चिठ्ठीत नव्हतं. द्यायलाच हवं होतं, ते मला कळतं. तू गप्प राहिली असतीस तर त्यांना संशय आला असता. म्हणून मी ते मजेनं वाचायला घेतलं, आता आपली तनू काय काय बोलते बघू म्हणून. ‘झेरॉक्सच्या दुकानातली विचारवंत’ वाचून मी मोठ्यानं हसले. ‘उसन्या शाईची लेखणी’, तेही छान आहे. तुझ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील.

आणि मग शेवटून दुसऱ्या परिच्छेदात ते वाक्य आलं. ‘ह्या बाईंना मैत्रीण कधीच नको होती, त्यांना साक्षीदार लागतो.’

बाकीचा सगळा लेख घाईत, ओरडून लिहिल्यासारखा आहे. हे एक वाक्य शांतपणे लिहिलेलं आहे. मला तुझं लिहिणं कळतं, तू जेव्हा खरं बोलतेस तेव्हा विशेषणं वापरत नाहीस. मी माझी सगळी पत्रं आठवून पाहिली. पहिल्यात मी तुला कशी आहेस हे विचारलं नव्हतं. दुसऱ्यातही नाही.

ते फाटकासमोरचे चौघे, तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस, त्यांची भीती वाटली तेव्हा काय करायचं ते कळत होतं. टेबलाखाली बसायचं, शटर ओढायचं, तुला पत्र लिहायचं. ह्या वाक्याची भीती घेऊन मी कुठं जाऊ?

ते त्यांच्यासाठी लिहिलंस का माझ्यासाठी, एवढं कळव. माझ्यासाठी असलं तरी कळव.

धम्मप्रिया